परीकथांच्या पोटातला काळोख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमगौरी, सिंड्रेला, लाल टोपीवाली या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या त्या धुऊनपुसून, घडी घालून. जुन्या छापील आवृत्त्या पहिल्यांदा हाती येतात तेव्हा बहुतेकांना धक्का बसतो. मलाही बसला होता. त्यानंतर बरीच वर्षं मी एकाच गोष्टीच्या दोन-तीन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून वाचत आले आहे. त्या नादातून लोक मला जे प्रश्न विचारतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

या गोष्टी मुळात मुलांसाठी होत्या का?

नव्हत्या. सूत कातताना, शेंगा सोलताना, थंडीच्या लांबलचक रात्री शेकोटीपाशी बसून मोठी माणसं त्या एकमेकांना सांगत. मुलं कोपऱ्यात ऐकत बसलेली असत, इतकंच. छापील पुस्तकं निघू लागली तीसुद्धा मोठ्यांसाठीच. नेपल्सच्या जामबातिस्ता बाझिलेचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ ते १६३६ या काळात छापला गेला. त्याचा वाचक दरबारी होता आणि भाषा चांगलीच चावट. शार्ल पेरोचं पुस्तक १६९७ साली पॅरिसमध्ये आलं. त्या काळी तिथल्या उच्चभ्रू बायकांच्या बैठकींमध्ये परीकथा रचण्याची मोठी हौस होती.

ग्रिम बंधूंचं तर विचारूच नका. याकोब आणि विल्हेल्म हे जर्मनीतले भाषेचे अभ्यासक. १८१२ साली त्यांच्या संग्रहाचा पहिला खंड निघाला. त्यात ८६ कथा होत्या, मागे विद्वानांसाठी टिपा होत्या आणि चित्र एकही नव्हतं. नावात मात्र ‘मुलांच्या आणि घरातल्या कथा’ असं होतं, म्हणून लोकांनी तो मुलांसाठी घेतला आणि मग तक्रारी सुरू झाल्या. त्यांचा मित्र आखिम फॉन आर्निम यानेच नापसंती कळवली. याकोबने त्याला उत्तर दिलं त्याचा आशय असा, की हे पुस्तक मी मुलांसाठी लिहिलेलंच नाही, पण त्यांना ते आवडलं तर आनंदच आहे. मुलांसाठी म्हणून काढलेली छोटी आवृत्ती आली ती १८२५ साली. निवडक ५० कथा, आणि धाकटा भाऊ लुडविग एमिल याने काढलेली चित्रं. ग्रिमांच्या कथा खऱ्या अर्थाने घराघरात पोचल्या त्या या छोट्या पुस्तकातून.

ग्रिम बंधू गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांकडून गोष्टी गोळा करत होते ना?

हे चित्र लोभस आहे, पण खरं नाही. बहुतेक कथा त्यांना कासेल शहरात, ओळखीच्या घरांमधून मिळाल्या. शेजारच्या विल्ड कुटुंबातल्या मुली, हासेनफ्लुग घराण्यातल्या बहिणी अशा शिकल्यासवरलेल्या तरुणींनी त्या सांगितल्या. त्यातल्या डोर्टशेन विल्डशी पुढे विल्हेल्मचं लग्नही झालं. डोरोथेआ फीमान ही सांगणारी त्यातल्या त्यात वेगळी. खाणावळवाल्याची मुलगी, शिंप्याची बायको आणि गोष्टींचा खजिना. पण तिचेही वडिलांकडचे पूर्वज फ्रान्समधून आलेले. म्हणजे ज्यांना आपण अस्सल जर्मन लोककथा समजतो त्यातल्या कितीतरी फ्रेंच पुस्तकांतून आणि फ्रेंच घरांतून झिरपत आलेल्या आहेत. मनोऱ्यात डांबलेल्या लांबसडक केसांच्या रॅपुन्झेलची गोष्ट तर एका फ्रेंच सरदारघराण्यातल्या बाईने १६९८ साली लिहिली होती.

हिमगौरीची सावत्र आई मुळात तिची सख्खी आई होती, हे खरं का?

खरं आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा बदल आहे.

१८१२च्या आवृत्तीत जी राणी खिडकीशी शिवत बसलेली असते, सुई बोटात घुसून बर्फावर रक्ताचे थेंब पडतात आणि ‘अशी गोरी, अशी लाल ओठांची मुलगी मला होऊ दे’ असं जी म्हणते, तीच राणी पुढे आरशाला विचारते, ‘सर्वांत सुंदर कोण?’ नवसासायासाने मागून घेतलेली ही लेक. ती सात वर्षांची झाल्यावर आरसा तिचं नाव घेतो आणि आई शिकाऱ्याला सांगते, हिला रानात नेऊन मार आणि हिचं काळीज-फुप्फुस मला आणून दे. शिकारी रानडुकराच्या पिल्लाचे अवयव आणतो. राणी ते मीठ लावून शिजवते आणि खाते. आपण आपल्या पोटच्या मुलीला खातो आहोत, या समजुतीने खाते.

१८१९ साली दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा विल्हेल्मने गोष्टीत एक ओळ घातली. बाळाला जन्म देऊन राणी मरण पावली आणि राजाने दुसरं लग्न केलं. बस, एवढंच. तेवढ्या एका ओळीने आई देवी झाली आणि सगळं पाप परक्या घरातून आलेल्या बाईच्या माथी गेलं.

विल्हेल्मने असं का केलं असेल? त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात ‘आई’ ही प्रतिमा डागाळलेली चालत नव्हती आणि पुस्तक त्याच घरांत खपायचं होतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. बाळंतपणात बायका मरण्याचं प्रमाण त्या काळी फार होतं. घरात दुसरी बायको येणं, तिची मुलं आणि पहिलीची मुलं यांच्यात भाकरीवरून, हिश्श्यावरून तंटे होणं हे रोजचंच. तेव्हा कथांमधली सावत्र आई काही आकाशातून पडलेली नाही. पण हिमगौरी आणि हॅन्सेल-ग्रेटेल या दोन कथांत ती संपादकाच्या टेबलावर जन्मली, हे पक्कं. आजही कितीतरी बायका दुसऱ्याच्या लेकरांना जीव लावून वाढवतात आणि त्या लेकरांच्या पुस्तकात ‘सावत्र’ हा शब्द येतो तो विषारी सफरचंदासोबत. मला याचं फार वाईट वाटतं.

आणि हो, चुंबन नाही. १८१२च्या गोष्टीत राजपुत्राचे नोकर ती काचेची पेटी इकडून तिकडे वाहून वैतागलेले असतात. त्यातला एक चिडून हिमगौरीच्या पाठीत धपका घालतो आणि घशातला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. राणीचा शेवट मात्र सगळ्या आवृत्त्यांत तोच: लग्नाच्या मांडवात तापवून लाल केलेले लोखंडी जोडे तिच्या पायात घालतात आणि मरेपर्यंत नाचवतात.

हॅन्सेल आणि ग्रेटेलसारखं आईबाप खरंच मुलांना रानात सोडून येत?

पोट रिकामं असलं की येत. युरोपात मुलं टाकून देण्याची उदाहरणं मध्ययुगापासून नोंदलेली आहेत. चर्चच्या दारात, अनाथालयाच्या पायरीशी, रस्त्यावर. १३१५ ते १३१७ या काळात उत्तर युरोपात अतोनात पाऊस होऊन पिकं कुजली आणि मोठा दुष्काळ पडला. पुष्कळ जण या कथेचं मूळ नेमकं त्याच दुष्काळात शोधतात. मला तसं एका सालाला खुंटीवर टांगणं पटत नाही, कारण भूक ही काही एकदाच येऊन गेलेली पाहुणी नव्हती. ग्रिमांचं पुस्तक निघाल्यावर चारच वर्षांनी, १८१६ साली, उन्हाळा आलाच नाही. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता, त्यातून वर गेलेल्या गंधकाच्या सूक्ष्म कणांनी ऊन अडवलं होतं. जर्मन प्रदेशात पिकं बुडाली. त्या हिवाळ्यात ही गोष्ट ऐकणाऱ्यांना ती परीकथा वाटली नसणार.

आता गोष्टच जरा जवळून पाहा. रात्र झाली आहे. भुकेमुळे मुलांना झोप येत नाही, म्हणूनच तर आईबापांचं बोलणं त्यांच्या कानावर पडतं. आई म्हणते, उद्या यांना रानात सोडून येऊ, नाहीतर चौघेही मरू. बाप आढेवेढे घेतो आणि मग कबूल होतो. रानात पोरांना वाटतं, बाबा जवळच लाकडं तोडताहेत, कुऱ्हाडीचे घाव ऐकू येताहेत. ते घाव नसतात. बापाने एका वाळक्या झाडाला फांदी बांधून ठेवलेली असते आणि ती वाऱ्याने आपटत असते. चेटकिणीपेक्षा ही फांदी मला जास्त भिववते. मुलांना फसवायला बापाने ती गाठ स्वतःच्या हाताने मारलेली आहे.

आणि रानातलं चेटकिणीचं ते घर! आपल्याकडच्या चित्रांत ते चॉकलेट-गोळ्यांचं असतं. ग्रिमांच्या गोष्टीत भिंती पावाच्या आहेत. छपराला केक आणि खिडक्यांना साखर आहे, पण घर उभं आहे ते पावावर. उपाशी पोराच्या स्वप्नात आधी पावच येतो.

इथेही पहिल्या आवृत्तीत आई सख्खी होती. ती सावत्र झाली १८४०च्या चौथ्या आवृत्तीत. मुलं घरी परततात तेव्हा ती मेलेली असते. तिकडे भट्टीत चेटकीण मेली, इकडे घरात आई. दोघी जणू एकच असाव्यात, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

ग्रिमांनी कथांमधली हिंसा कमी केली, असं म्हणतात. बरोबर आहे का?

बरोबर उलटं. त्यांनी शारीरिक संबंधांचा उल्लेख काढला आणि हिंसा ठेवली, काही ठिकाणी वाढवलीसुद्धा.

रॅपुन्झेल घ्या. १८१२च्या आवृत्तीत ती भाबडेपणाने विचारते, ‘माझे कपडे मला इतके घट्ट का होऊ लागलेत हो?’ आणि ती गरोदर आहे हे मनोऱ्यावर डांबून ठेवणाऱ्या बाईला कळतं. पुढच्या आवृत्त्यांत ती विचारते, ‘राजपुत्रापेक्षा तुम्ही वर ओढायला जड कशा?’ बिचारी एका फटक्यात भोळीची मूर्ख झाली. गंमत म्हणजे तिला पुढे जुळी मुलं होतात ती मात्र विल्हेल्मने तशीच ठेवली. कुठून आली ते मुलांनी विचारू नये, एवढीच अपेक्षा.

उलट सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरं फोडतात हा प्रसंग १८१९ साली आत आला, आधी नव्हता. सोनं कातून देणारा तो बुटका, रम्पेलस्टिल्टस्किन, पहिल्या आवृत्तीत रागारागाने पळून जातो. नंतरच्या आवृत्तीत तो स्वतःला मधोमध फाडून घेतो. वाईट माणसाला शिक्षा झालेली दिसली की मुलं चांगलं वागतील, हा त्या काळचा विश्वास होता. शिक्षा जितकी कडक, तितकी गोष्ट संस्कारक्षम.

काढून टाकलेल्या हिंसक कथाही आहेत, पण मोजक्या. ‘मुलं खाटीक-खाटीक कशी खेळली’ ही त्यातली सर्वांत भयंकर. खेळता खेळता एक मूल दुसऱ्याला डुकरासारखं कापतं. ती १८१२ साली होती, १८१९ साली गेली. ती गेली हे बरंच झालं. कारण त्या कथेत न्याय नाही, सुटका नाही, नुसता एकावर एक मृत्यू आहे.

सिंड्रेलाची खरी, पहिली गोष्ट कोणती?

‘खरी पहिली’ असं काही नसतं, आणि हे लोककथांच्या बाबतीत एकदा मान्य केलं की पुष्कळ वाद मिटतात. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने दोन हजार वर्षांपूर्वी एक गोष्ट नोंदवली आहे. ऱ्होडोपिस नावाची स्त्री अंघोळ करत असताना गरुड तिची चप्पल पळवतो आणि मेम्फिसच्या राजाच्या मांडीवर टाकतो. राजा त्या चपलेच्या मालकिणीचा शोध घेऊन तिच्याशी लग्न करतो. चीनमध्ये नवव्या शतकात दुआन छंगशी याने ये शिएन या मुलीची कथा लिहून ठेवली. तिचा जिवाभावाचा मासा सावत्र आई मारून खाते. मुलगी त्याचे काटे जपून ठेवते आणि ते काटे तिची इच्छा पुरवतात. सोन्याचा जोडा आहे, राजा आहे, आणि शेवटी सावत्र आई-बहीण आकाशातून पडणाऱ्या दगडांखाली मरतात. १८९३ साली मेरियन रोआल्फ कॉक्स या इंग्लिश बाईंनी या कथेची ३४५ रूपं एकत्र केली होती.

बाझिलेची नायिका झेझोला मला सगळ्यात जास्त हलवून सोडते, कारण ती स्वतः खून करते. शिकवणाऱ्या बाईच्या नादाने ती सावत्र आईला पेटीतून कपडे काढायला सांगते आणि ती वाकली की पेटीचं जड झाकण तिच्या मानेवर आदळते. मग बाप त्या शिकवणीच्या बाईशीच लग्न करतो, ती आपल्या सहा मुली घरात आणते आणि झेझोला चुलीपाशी जाते. राख तिच्या नशिबी आली त्यात तिच्या स्वतःच्या हाताचाही वाटा आहे. एवढी गुंतागुंत पुढच्या कुठल्याच सिंड्रेलात उरली नाही.

ग्रिमांच्या कथेत जोडा बसावा म्हणून एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच. सुरी कोण देतं? त्यांची आई. म्हणते, ‘काप. राणी झालीस की पायी चालावं लागणार नाही.’ लग्नाच्या बाजारासाठी लेकीचं अंग कापायला निघालेली ही आई आहे. भोपळ्याची गाडी, उंदरांचे घोडे आणि काचेचा जोडा हे सगळं पेरोचं. त्याची सिंड्रेला बहिणींना माफ करते, राजवाड्यात आणते आणि त्यांची लग्नंही लावून देते.

जाता जाता: पेरोचा जोडा मुळात केसाळ कातड्याचा होता आणि शब्दसाधर्म्यामुळे चुकून काचेचा झाला, असं अनेकदा वाचायला मिळतं. पेरोने काच असंच छापलं होतं आणि काचच त्याला म्हणायची होती.

लाल टोपीवालीला लांडगा शेवटी खातो का?

पेरोच्या गोष्टीत खातो आणि गोष्ट तिथेच संपते. शिकारी नाही, पोट फाडणं नाही. मुलगी कपडे उतरवून लांडग्याशेजारी बिछान्यात शिरते, ते प्रसिद्ध सवाल-जवाब होतात आणि तो तिला गिळतो. खाली पेरोने तात्पर्याची कविता जोडली आहे: लांडगे सगळे सारखे नसतात, काही गोडबोले असतात, तरुण मुलींच्या मागे मागे त्यांच्या घरापर्यंत येतात, आणि तेच सर्वांत धोक्याचे. त्या काळी फ्रेंचमध्ये ‘तिने लांडगा पाहिला’ म्हणजे मुलीचं कौमार्य गेलं, असा वाक्प्रचार होता. म्हणजे ही गोष्ट कशाबद्दल आहे याविषयी पेरोच्या वाचकांच्या मनात शंका नव्हती. लाल टोपीसुद्धा पेरोचीच भर. मुलीला जिवंत बाहेर काढणारा शिकारी आला तो एकशे पंधरा वर्षांनी ग्रिमांच्या हातून.

पण याहून थोर रूप फ्रान्सच्या खेड्यांत तोंडातोंडी टिकून होतं. १९व्या शतकाच्या अखेरीस निवेर्ने भागात ते लिहून घेतलं गेलं. त्यात माणूस-लांडगा आधी आजीला मारतो. तिचं थोडं मांस फडताळात ठेवतो, रक्त बाटलीत भरतो. मुलगी येते आणि नकळत आजीचं मांस खाते, रक्त पिते. मग तो तिला एकेक कपडा काढून आगीत टाकायला लावतो, ‘आता याची तुला गरज नाही’ असं म्हणत. बिछान्यात गेल्यावर मुलीला सगळं उमगतं. ती म्हणते, मला परसाकडे जायचंय. ‘इथेच कर,’ तो म्हणतो. ती हट्ट धरते. शेवटी तो तिच्या पायाला दोरी बांधून बाहेर सोडतो. मुलगी दोरीचं टोक अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि पळून घर गाठते.

बघा, या जुन्या पोरीला कोणी वाचवलं नाही. तिनेच डोकं चालवलं. छापील पुस्तकांनी आधी तिला मारलं आणि मग तिला वाचवायला पुरुष पाठवला. रक्त-मांसाचं वर्णन वाचून लोक जुन्या कथेला रानटी म्हणतात, तेव्हा मला ही दोरीची गाठ आठवते.

झोपलेल्या राजकन्येचं चुंबन तरी खरं आहे ना?

ग्रिमांच्या गोष्टीत आहे. पेरोच्या गोष्टीत राजपुत्र नुसता गुडघे टेकतो आणि ती जागी होते. पुढे तिची सासू राक्षसकुळातली निघते, नातवंडांना शिजवून खायला मागते आणि कुठल्या रश्श्यात शिजवायचं तेही सांगते. बाझिलेच्या गोष्टीत तालिया नावाची मुलगी नखात जवसाच्या धाग्याची कुसळ जाऊन निपचित पडते. एक विवाहित राजा तिथे येतो, तिला उठवायचा प्रयत्न करतो, ती उठत नाही आणि तो तिच्यावर बलात्कार करून निघून जातो. झोपेतच तिला जुळं होतं. त्यातलं एक बाळ दुधासाठी चाचपडताना तिचं बोट चोखतं, कुसळ निघते आणि ती जागी होते. बाझिले हे सगळं नशीबवानाला झोपेतही मिळणाऱ्या भाग्याची गोष्ट म्हणून सांगतो. काळोख आहे तो तिथे.

बेडूक राजपुत्रालाही कोणी चुंबन देत नाही. ग्रिमांच्या गोष्टीत राजकन्या त्याला उचलून भिंतीवर फेकते.

या कथांत वाईट बाप नसतातच का?

असतात, पण त्या कथा मुलांच्या पुस्तकांतून हळूच गळल्या. एका कथेत मरताना राणी वचन घेते की माझ्याइतकी सुंदर असेल तिच्याशीच लग्न करा. तशी एकच निघते, राजाची स्वतःची मुलगी. ती नाना प्राण्यांच्या कातड्याचा अंगरखा पांघरून, तोंडाला काजळी फासून पळते आणि परक्या राजवाड्यात जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत राहते. दुसऱ्या एका कथेत बाप सैतानाच्या धाकाने मुलीचे दोन्ही हात तोडतो. मुलगी म्हणते, ‘बाबा, मी तुमचीच लेक आहे, करा काय करायचं ते.’ मग तोडलेले हात पाठीला बांधून घेऊन ती घर सोडते.

घरात होणारा अत्याचार उघड बोलायची सोय नसलेल्या बायकांनी या कथा शतकानुशतकं सांगितल्या असणार, असं मला ठाम वाटतं. ‘एका राजाची मुलगी होती’ म्हटलं की कोणाचं नाव घ्यावं लागत नाही.

हिमगौरी, निळदाढ्या वगैरे खऱ्या व्यक्तींवर बेतलेले आहेत का?

दावे भरपूर, पुरावा तोकडा. हिमगौरीसाठी १६व्या शतकातली मार्गारेटा फॉन वाल्डेक आणि लोर गावची मारिया सोफिया फॉन एर्थाल अशी दोन नावं पुढे केली जातात. निळदाढ्या म्हणजे पेरोच्या कथेतला, एकामागून एक बायकांना मारणारा नवरा. त्याच्यासाठी जिल द रे या फ्रेंच सरदाराचं नाव घेतात. या सरदाराला १४४० साली नांतमध्ये फाशी दिलं गेलं, पण त्याच्यावरचा आरोप मुलांच्या हत्येचा होता, बायकांच्या नव्हे. कथा देशोदेशी सापडत असताना एका गावच्या एका माणसाला तिचं मूळ ठरवणं हे मुख्यतः पर्यटनाला सोयीचं असतं.

हॅमेलिनचा पुंगीवाला? तोही बनावट?

इथे मात्र थांबा. ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्या तळाशी काहीतरी खरोखर घडलेलं दिसतं. तारीखसुद्धा ठरलेली आहे: २६ जून १२८४. आकडाही ठरलेला: १३० मुलं. १५व्या शतकातल्या एका हस्तलिखितात लिहिलं आहे की साधारण तीस वर्षांचा, देखणा, उत्तम कपडे घातलेला एक माणूस पुलावरून गावात आला, त्याने चांदीची बासरी वाजवली आणि मुलं त्याच्यामागे गेली. उंदीर? त्यात उंदरांचा मागमूसही नाही. ते गोष्टीत शिरले १६व्या शतकात. म्हणजे आधी होती ती नुसती मुलं गेल्याची आठवण. ‘उंदीर घालवल्याची मजुरी गावाने बुडवली म्हणून पुंगीवाल्याने घेतलेला सूड’ हे कारण लोकांनी मागाहून शोधलं.

मुलं गेली कुठे? साथीत मेली, दरड कोसळली, नाचण्याच्या उन्मादात गेली, असे तर्क आहेत. मला त्यातल्या त्यात पटतो तो स्थलांतराचा. त्या काळात पूर्वेकडच्या नव्या वसाहतींसाठी माणसं भरती करणारे दलाल गावोगाव फिरत. ‘मुलं’ म्हणजे गावची तरुण पिढी असावी. आजही हॅमेलिनमध्ये एक गल्ली आहे जिथे वाद्य वाजवत नाहीत. मुलं त्या गल्लीतून गेली म्हणून.

‘रिंगा रिंगा रोझेस’ प्लेगबद्दल आहे का?

नाही. हे गाणं इंग्रजीत छापलेलं सापडतं ते १९व्या शतकात. लंडनची प्लेगची मोठी साथ १६६५ची. मधल्या दोनशे वर्षांत कोणीही दोन्हींचा संबंध जोडलेला नाही. तो जोडला गेला दुसऱ्या महायुद्धानंतर. आणि लोकसाहित्याचे अभ्यासक तो मानत नाहीत. ‘मुलांच्या गाण्यामागचं भयानक सत्य’ असं वाचलं की आपण पटकन विश्वास ठेवतो. गोड केलेली गोष्ट जशी बनावट असते तशी काळी केलेली गोष्टही असू शकते.

अँडरसनच्या गोष्टी इतक्या दुःखी का?

त्या लोककथा नाहीत, हान्स क्रिस्तियान अँडरसन या एका डॅनिश लेखकाने मन ओतून लिहिलेल्या कथा आहेत. त्याचा बाप चांभार, आई धुणी धुणारी. जलपरी, १८३७ सालची, आवाजाच्या बदल्यात पाय घेते, आणि आवाज घेणं म्हणजे जीभ कापणं. प्रत्येक पाऊल सुऱ्यांवर टाकल्यासारखं. राजपुत्र दुसरीशी लग्न करतो. त्याला भोसकलंस तर तुझा जीव वाचेल, असं तिच्या बहिणी सांगतात. ती सुरी समुद्रात फेकते. हे ‘काळं’ म्हणून मोजू नये, असं मला वाटतं. ते दुःख आहे, आणि त्याची जात वेगळी.

ग्रिमांच्या संग्रहातलं सर्वांत काळं पान कोणतं?

लोक ज्युनिपरच्या झाडाच्या कथेकडे बोट दाखवतात. त्यात सावत्र आई मुलाचं डोकं पेटीच्या झाकणाने उडवते आणि त्याचं मांस बापाला जेवायला वाढते. पण तो मुलगा पक्षी होऊन गातो आणि शेवटी परत येतो.

माझ्या लेखी सर्वांत काळं पान वेगळं आहे. ‘काटेरी झुडपातला ज्यू’ नावाची एक कथा शेवटच्या, १८५७च्या आवृत्तीपर्यंत संग्रहात राहिली. एक नोकर जादूच्या सारंगीने एका ज्यू माणसाला काट्यांत नाचवतो, रक्तबंबाळ करतो, त्याचे पैसे घेतो आणि अखेरीस फाशी जातो तो ज्यूच. श्रोत्यांनी हसावं अशी ती सांगितली आहे. नाझी राजवटीत शाळांमधून ग्रिमांच्या कथांना मोठा मान होता. चेटकीण खोटी असते. हा माणूस शेजारच्या गल्लीत राहत होता.

मग मुलांना या गोष्टी सांगाव्यात की नाही?

सांगाव्यात, पण पडद्यावर लावून देऊन नव्हे, जवळ घेऊन. सांगणाऱ्याला मुलाचा चेहरा दिसतो, कुठे थांबायचं ते कळतं. छापील पानाला ते कळत नाही. पाच वर्षांच्या मुलाला लोखंडी जोडे नकोत. बलात्काराची कथा तर मोठ्या वयाशिवाय नकोच. पण लांडगा खातो, आईबाप चुकतात, रानात वाट हरवते, एवढं मुलांना सोसतं. त्यांना भीती आधीच असते, गोष्टीमुळे तिला चेहरा मिळतो.

माझ्या भाचीला, ती सहा वर्षांची असताना, मी हॅन्सेल-ग्रेटेलची जुनी आवृत्ती सांगितली, सख्ख्या आईची. सांगण्याआधी धाकधूक होती. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग विचारलं, ‘तिला पण भूक लागली होती का?’ सावत्र आईची आवृत्ती मी कितीतरी मुलांना सांगितली होती. हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता.

सगळ्यांचा शेवट ‘आणि ते सुखाने नांदू लागले’ असाच होतो का?

आपल्या साठा उत्तरांच्या कहाण्या पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होतात. जर्मन परीकथा ज्या ओळीने संपतात ती अशी: ‘आणि मेले नसतील, तर आजही जगत असतील.’ हॅन्सेल-ग्रेटेलच्या शेवटी तर तेही नाही. मुलं हिऱ्या-मोत्यांनी खिसे भरून घरी येतात, बाप एकटाच असतो, आणि मग सांगणारा म्हणतो: माझी गोष्ट संपली, तो बघा उंदीर पळाला. जो पकडेल त्याने त्याच्या कातड्याची मोठ्ठी टोपी शिवून घ्यावी.